बदकांचा आहार व अंडकवचाचे दोष

परसात पाळलेल्या अंड्यांवरील बदकांच्या आहारात उणिवा राहिल्यामुळे अंड्याच्या कवचात निर्माण होणारे दोष. कवच पातळ, मऊ वा खरखरीत होणे, त्यावर वळ्या वा तडे पडणे आणि केवळ पटलात गुंडाळलेले कवचहीन अंडे घातले जाणे या प्रकारांचा त्यांत समावेश होतो. रोग, वार्धक्य, उष्णता व भीती यांमुळेही असे दोष उद्‌भवतात. तथापि घरगुती पालनात त्यांचे सर्वसाधारण कारण कॅल्शियमाचा तुटवडा हे असते. तुटवडा सौम्य पण दीर्घकालीन असेल, तर पक्षी आपल्या हाडांतील कॅल्शियम खर्चून कवच काही काळ टिकवून धरतो. त्यामुळे कवच बिघडलेले दिसू लागते तेव्हा हाडांची झीज बरीच पुढे गेलेली असण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी : मस्कोव्ही ही दक्षिण अमेरिकी मूळाची जात वगळता पाळीव बदकांच्या सर्व जाती मॅलार्ड या रानबदकापासून उत्पन्न झाल्या आहेत. अंड्यांसाठी सर्वांत प्रसिद्ध असलेली खाकी कॅम्बेल ही जात इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात ॲडेल कॅम्बेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तयार केली. या जातीची चांगली मादी वर्षाला सु. ३०० अंडी देऊ शकते. देशी बदकाची अंडी याच्या निम्म्याहूनही कमी असतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सु. ३.३५ कोटी बदके होती व त्यांपैकी मोठा वाटा पश्चिम बंगाल व आसाम या राज्यांचा होता. महाराष्ट्रात बदकपालन हा मोठा व्यवसाय नाही. कोकणात ते मुख्यतः घरच्या कोंबड्यांसोबत ठेवलेल्या चार-सहा पक्ष्यांपुरते मर्यादित असते. अशा पक्ष्यांना स्वतंत्र खाद्य क्वचितच मिळते. कणी, कोंडा, उरलेला भात आणि शेतात वा ओहोळात ते स्वतः वेचतील ते, यांवर त्यांची गुजराण होते. देशी बदकाला हा आहार कसाबसा पुरतो. परंतु तेथे खाकी कॅम्बेलसारखे भरपूर अंडी देणारे बदक आणले की खाद्यातील उणीव कवचात उमटू लागते.

कवचाची रचना व निर्मिती : अंड्याचे कवच सु. ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटाचे असून ते कॅल्साइट या स्फटिकरूपात असते. आतील बाजूस दोन पटले, त्यांवर शंकूच्या आकाराच्या गाठींचा थर, त्यावर उभ्या स्फटिकांचा जाड थर आणि सर्वांत बाहेर उपत्वचा अशी त्याची रचना असते. कवचात हजारो सूक्ष्म रंध्रे असतात व त्यांतून गर्भाच्या श्वसनासाठी वायूंची देवघेव होते.

अंडाशयातून सुटलेला बलक अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या मुखात शिरतो. पुढील भागात त्याच्याभोवती पांढरा बलक जमतो व अरुंद भागात पटले तयार होतात. एवढ्यास चार-पाच तास लागतात. त्यानंतर अंडे कवच ग्रंथीत येते व उरलेला सर्व काळ, म्हणजे सु. १८ ते २० तास, तेथे राहते. ग्रंथीतील कार्बॉनिक ॲनहायड्रेज हे एंझाइम रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडापासून बायकार्बोनेट तयार करते व त्याचा रक्तातून आलेल्या कॅल्शियमाशी संयोग होऊन कवचाचे थर बसतात. सल्फा गटातील काही औषधे या एंझाइमाचे कार्य रोखतात. ती दिल्यावर आहार निर्दोष असतानाही पक्षी मऊ कवचाची अंडी घालतात.

बदके बहुधा पहाटे किंवा सकाळी लवकर अंडे घालतात. पहाटे अंडे घातल्यानंतर थोड्याच वेळात पुढील बलक सुटतो, दुपारच्या सुमारास तो कवच ग्रंथीत पोहोचतो आणि कवच जलद बसण्याचा काळ संध्याकाळ व रात्र हा ठरतो. नेमक्या याच वेळी बदके खुराड्यात बंद असतात व त्यांच्या अन्नमार्गातील खाद्य सरत आलेले असते. बदकाला कोंबडीसारखी ठळक पिशवी नसते. अन्ननलिकेचा खालचा भाग तेवढा फुगीर असतो. म्हणून रात्री पुरेल असा कॅल्शियमाचा साठा पेषणीत असणे बदकाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे ठरते.

कॅल्शियमाचा हिशेब : ६५ ते ७० ग्रॅ. वजनाच्या बदकाच्या अंड्याचे कवच सु. ७ ग्रॅ. भरते. त्यात सु. २.६ ग्रॅ. कॅल्शियम असते. म्हणजे कवच बसत असताना रक्तातून ताशी सु. १४० मिग्रॅ. कॅल्शियम काढून घेतले जाते. रक्तात फिरणारा एकूण साठा यापेक्षा पुष्कळच कमी असतो व तो सतत भरून निघाला नाही, तर काही मिनिटांतच संपेल. कोंबडीच्या शरीरात एकूण सु. २० ग्रॅ. कॅल्शियम असते, हलक्या जातीच्या बदकाची स्थिती फारशी वेगळी नाही. वर्षाला २५० अंडी देणारे बदक कवचांवाटे सु. ६५० ग्रॅ. कॅल्शियम बाहेर टाकते. हे प्रमाण त्याच्या सर्व हाडांतील कॅल्शियमाच्या तीसपटींहून अधिक होते.

ही उलाढाल शक्य व्हावी म्हणून अंड्यावरील मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक विशेष अस्थी तयार होते, तिला मज्जास्थी म्हणतात. कबुतरांच्या माद्यांतील या अस्थीचे वर्णन काइस व पॉटर यांनी १९३४ मध्ये केले. अंडाशयातील स्त्रीमदजन या हॉर्मोनाच्या प्रभावाने मादी अंड्यावर येण्याच्या सुमारास ही अस्थी जमू लागते. रक्तातील कॅल्शियम कमी होताच परावटू ग्रंथीचे हॉर्मोन मज्जास्थी विरघळवून ते रक्तात सोडते व खाद्यातून कॅल्शियम मिळाले की ती पुन्हा भरली जाते. खाद्यातील पुरवठा सतत अपुरा राहिला, तर मज्जास्थीच्या पाठोपाठ हाडांचा कठीण बाह्य भागही झिजू लागतो. असा पक्षी मंद चालतो, बसून राहतो, उठताना पंखांचा आधार घेतो आणि पकडताना त्याचा पाय वा पंख सहज मोडतो.

खाद्यातील कॅल्शियमाचे सु. ५० ते ६० टक्केच शोषण होते. त्यामुळे रोज अंडे देणाऱ्या बदकास दिवसाला ४ ते ५ ग्रॅ. कॅल्शियम पोटात जाणे आवश्यक असते. बदक दिवसाला सु. १५० ते १७० ग्रॅ. खाद्य खाते, तेव्हा खाद्यात ते सु. ३ टक्के असावे लागते. कोकणातील परसात मिळणाऱ्या पदार्थांतील प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

कोष्टक : काही खाद्यपदार्थांतील कॅल्शियमाचे सरासरी प्रमाण (शेकडा)

| पदार्थ | कॅल्शियम |
|---|---|
| तांदळाची कणी | ०.०२ |
| मका | ०.०२ |
| भात (साळ) | ०.०५ |
| तांदळाचा कोंडा | ०.०७ |
| भुईमुगाची पेंड | ०.२ |
| नाचणी | ०.३५ |
| सुका जवळा | सु. ४ |
| हाडांचे वाफारलेले चूर्ण | २४ ते ३० |
| अंड्यांची टरफले | ३५ ते ३८ |
| शिंपल्यांची भरड, चुनखडी | ३६ ते ३८ |

या कोष्टकावरून असे दिसून येईल की, एका कवचाला लागणारे कॅल्शियम केवळ भातातून मिळवावयाचे झाल्यास, ते सर्व शोषले जाते असे मानले तरी, पाच किग्रॅ.हून अधिक भात लागेल. बदकाच्या दृष्टीने तो महिन्याभराचा आहार होय. कणीची स्थिती याहून वाईट आहे. तृणधान्यांत नाचणी सर्वांत सरस असली, तरी तिच्यातील प्रमाण आवश्यकतेच्या सु. एक अष्टमांश इतकेच भरते. धान्य वाढवून हा दोष कधीही दूर होत नाही. उलट पोट धान्याने भरल्यामुळे पक्षी इतर खाद्य कमी खातो.

फॉस्फरस व जीवनसत्त्वे : तांदळाच्या कोंड्यात फॉस्फरस सु. १.५ टक्के असतो. परंतु त्यातील बराचसा फायटेटाच्या रूपात असल्याने पक्ष्यास त्याचा पुरता उपयोग होत नाही व फायटेटामुळे कॅल्शियम व जस्त यांच्या शोषणातही अडथळा येतो. हाडे पुन्हा भरून येण्यासाठी उपलब्ध फॉस्फरस हवा असतो. पण तो गरजेपेक्षा जास्त झाल्यास कवच बिघडते. कवचाच्या सेंद्रिय जाळीसाठी मँगॅनीज व कार्बॉनिक ॲनहायड्रेजासाठी जस्त आवश्यक असते.

आतड्यातून कॅल्शियमाचे शोषण ड जीवनसत्त्वावाचून होत नाही. पक्ष्यांना ड₂ हे वनस्पतिजन्य रूप फारसे उपयोगी पडत नाही. ड₃ हेच लागते. उन्हातील जंबुपार किरणांमुळे ते त्वचेत तयार होते, यकृतात व नंतर मूत्रपिंडात त्याचे क्रियाशील रूप बनते. म्हणून यकृताला इजा करणारी विषेही अप्रत्यक्षपणे कवच बिघडवितात. त्यांपैकी बुरशीपासून उत्पन्न होणारे अफ्लाटॉक्सिन हे प्रमुख होय. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या बुरशी आलेल्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्या वेळी बदकांची पिलेही मोठ्या प्रमाणात दगावली. बदकाचे पिलू या विषास इतके संवेदनशील असते की, पुढे खाद्यातील विष ओळखण्याच्या चाचणीसाठी त्याचाच उपयोग करण्यात आला. कोकणातील पावसाळी दमट हवेत साठविलेली पेंड, मका व कोंडा यांना बुरशी लवकर येते. असे खाद्य उन्हात वाळविले तरी त्यातील विष नाहीसे झाले असे समजता येत नाही. ते टाकून देणेच योग्य.

बदकाला नायासिनाची गरज कोंबडीच्या मानाने पुष्कळ अधिक असते. केवळ कणी व मका यांवर वाढविलेल्या पिलांचे पाय वाकतात. मोठ्या मादीच्या पायांतील अशक्तपणा कॅल्शियमाअभावी असण्याचा संभव अधिक. पिलाच्या बाबतीत मात्र नायासिनाचा विचार प्रथम करावा लागतो. यीस्ट व मासळीचे कूट हे त्याचे चांगले पुरवठादार आहेत.

माथेरान व कर्जत-खालापूर परिसर : आहारातील या उणिवेशी जमिनीचा संबंध कसा पोहोचतो, याचे चांगले उदाहरण रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या अंतर्भागात मिळते. जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबाग, उरण व पेण या भागांत खाड्या व चिखलवटी असल्यामुळे तेथील बदकांना बारीक शिंपले व कालवांची टरफले सहज मिळतात. कर्जत व खालापूर तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून तेथे हा पुरवठा नाही. तेथील मुख्य पीक भात आहे. कर्जत येथे भातसंशोधनाचे जुने केंद्र असून ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. म्हणून परसातील पक्ष्यांपुढे पडणारे खाद्य मुख्यतः भाताचे व त्याच्या उपउत्पादनांचे असते.

पावसाळ्यात व त्यानंतर काही काळ भातखाचरांत गोगलगायी, मुठे व लहान खेकडे, किडे आणि बेडकांची पिले मिळतात. यांतील गोगलगायी व खेकडे यांच्या कवचांतून पक्ष्याला बरेच कॅल्शियम मिळते. कापणीनंतर खाचरे कोरडी पडतात, सांडलेला भात भरपूर मिळतो आणि कॅल्शियमाचा हा नैसर्गिक मार्ग बंद होतो. भिवपुरी येथील जलविद्युत् केंद्राचे पाणी राजनाल्याने मिळणाऱ्या गावांत उन्हाळी भात होत असल्याने खाचरांतील हे जीवन अधिक काळ टिकते. इतरत्र कोरड्या महिन्यांत पक्षी पूर्णतः मालकाच्या हातच्या खाद्यावर अवलंबून असतो.

समुद्रसपाटीपासून सु. ८०० मी. उंच असलेल्या माथेरानच्या माथ्यावर बेसाल्टावर जांभ्याचा थर आहे. जांभा खडक तयार होताना मूळ खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व पोटॅशियम हे पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. तांबड्या मातीचा रंग लोहामुळे असतो. अशी माती चुन्याने दरिद्री असते. गोगलगायीला शंख बांधण्यासाठी मातीतून कॅल्शियम लागत असल्याने अशा जमिनीवर पक्ष्याला मिळणारा शंखांचा पुरवठाही कमी पडतो. नेदर्लंड्समधील वनांत हीच साखळी स्पष्टपणे दिसून आली आहे. तेथे आम्लयुक्त पर्जन्यामुळे नापीक मातीतील कॅल्शियम घटले, गोगलगायी कमी झाल्या आणि त्यामुळे वल्गुली कुलातील ग्रेट टिट हे पक्षी पातळ व सच्छिद्र कवचाची अंडी घालू लागले, असे ग्राव्हेलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. ज्या ठिकाणी या पक्ष्यांना बाहेरून शंखांचे व टरफलांचे तुकडे पुरविण्यात आले, तेथे दोष कमी झाले.

माथेरानवर आणखी दोन गोष्टींची भर पडते. जून ते सप्टेंबर या काळात तेथे अतिवृष्टी व दाट धुके असते. पक्षी बंदिस्त राहतात व त्यांना ऊन मिळत नाही. शिवाय गावात मोटारींना बंदी असल्यामुळे मालाची वाहतूक दीर्घकाळ मुख्यतः घोडे, हातगाड्या व हमाल यांच्या साहाय्याने होत आली आहे. त्यामुळे तयार खाद्याची पोती वर आणणे खर्चाचे होते व उपाहारगृहांतील उरलेला भात आणि पाव हे खाद्य सोपे वाटते. या खाद्याने पक्षी लठ्ठ होतो, पण त्यात कवचास लागणारे द्रव्य जवळजवळ नसते. शिंपल्यांची भरड मात्र लागते ती अगदी थोडी; दहा बदकांना महिन्याला तीन ते साडेतीन किग्रॅ. पुरते.

दोषांची इतर कारणे : उन्हाळ्यात कर्जतच्या सखल भागात तापमान ४०° से.च्या आसपास जाते. पक्ष्याला घाम येत नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्तातील बायकार्बोनेटाचे संतुलन बिघडते. शिवाय उन्हात पक्षी खातोही कमी. या दोन्हींमुळे कवच पातळ होते. सावली व डोके बुडविता येईल इतके खोल गार पाणी एवढ्याने बराच फरक पडतो.

मादी वयस्क होते तसे अंडे मोठे होते, पण त्यासाठी वापरले जाणारे कॅल्शियम त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून कवच पातळ होते. नुकत्याच अंड्यावर आलेल्या मादीची पहिली काही अंडी वेडीवाकडी वा कवचहीन असू शकतात; त्यांवर उपचाराची गरज नसते. कुत्रा, मुंगूस किंवा फटाके यांमुळे रात्री पक्षी घाबरल्यास अंडे अर्ध्या कवचानिशी बाहेर पडते किंवा अधिक काळ आत राहून त्यावर वळ्या वा जादा चुन्याचे ठिपके दिसतात.

अंडवाहिनीत राहणारे प्रोस्थोगोनिमस वंशातील पर्णाभ कृमी मऊ व कवचहीन अंड्यांस कारणीभूत होतात. त्यांची पहिली अवस्था गोडया पाण्यातील गोगलगायीत व दुसरी चतुर या कीटकाच्या पाण्यातील अर्भकांत वाढते. असे चतुर वा अर्भके खाल्ल्याने पक्ष्यास लागण होते. १९७६ मध्ये नेदर्लंड्समध्ये कोंबड्यांतील ‘अंडी घटण्याचा रोग’ प्रथम वर्णिला गेला. त्यात वरवर निरोगी दिसणाऱ्या कोंबड्या एकाएकी फिकट, पातळ व कवचहीन अंडी घालू लागतात. या रोगाच्या विषाणूचे नैसर्गिक आश्रयी बदक व हंस हे असून त्यांच्यात सामान्यतः रोग दिसत नाही. म्हणून बदके व कोंबड्या एकाच पाण्यावर ठेवणे कोंबड्यांच्या दृष्टीने धोक्याचे असते.

डीडीटी या कीटकनाशकाच्या अपघटनाने होणारे डीडीई हे द्रव्य शिकारी पक्ष्यांच्या व बदकांच्या कवच ग्रंथीत कॅल्शियम बसण्याच्या क्रियेत अडथळा आणते. बहिरी ससाणा व इतर शिकारी पक्ष्यांची कवचे पातळ झाल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये दाखविले. त्यानंतर मॅलार्ड बदकांवरील प्रयोगांत हाच परिणाम आढळला. कोंबडीवर मात्र तो नगण्य असतो. भारतात शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर १९८९ मध्ये बंदी घालण्यात आली. तरीही कोणतेही कीटकनाशक फवारलेल्या खाचरात बदके काही दिवस न सोडणे इष्ट असते.

कारण ओळखणे : कळपातील एकाच मादीची अंडी सदोष असतील, तर तिचे वय, अंडवाहिनीचा विकार किंवा कृमी यांचा विचार करावा. बहुतेक माद्यांची कवचे हळूहळू पातळ होत गेली असतील, तर दोष खाद्यात असतो. शिंपल्यांची भरड सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांत कवचात सुधारणा दिसली नाही, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. अंडी एकाएकी घटली, कवचे मऊ झाली व त्याबरोबर पक्षी मरू लागले, तर सांसर्गिक रोगाची शंका घेऊन पशुसंवर्धन खात्यास तत्काळ कळविणे आवश्यक असते. पक्ष्यांच्या इन्फ्ल्यूएंझाचा भारतातील पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. बदके या विषाणूचे वाहक असूनही स्वतः आजारी दिसत नाहीत असे पुष्कळदा घडते.

मादी शेपूट हलवीत वारंवार कुंथते, पंख पसरून बसते व तिच्या पोटाचा मागील भाग फुगलेला दिसतो, तेव्हा अंडे अडकलेले असते. कॅल्शियमाअभावी अंडवाहिनीच्या स्नायूंचे आकुंचन क्षीण होणे हे याचे एक कारण आहे. मऊ कवचाचे अंडे स्नायूंच्या पकडीत येत नसल्याने ते अधिक अडकते. पक्ष्यास कोमट पाण्यात बसवून नंतर शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. अंडे दाबून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये. ते आत फुटल्यास उदरपटलाचा दाह होऊन पक्षी मरतो. काही तासांत अंडे पडले नाही, तर पशुवैद्याकडून कॅल्शियमाचे अंतःक्षेपण करून घ्यावे लागते.

आहाराची योजना : अंड्यावरील बदकाच्या खाद्यात प्रथिने १६ ते १८ टक्के व कॅल्शियम सु. ३ टक्के असावे. कणी किंवा भरडलेला मका ४.८ किग्रॅ., ताजा कोंडा २ किग्रॅ., सोयाबीनची पेंड १.६ किग्रॅ., मीठ धुऊन काढलेला सुका जवळा ०.८ किग्रॅ., शिंपल्यांची भरड ०.६५ किग्रॅ. व हाडांचे वाफारलेले चूर्ण ०.१५ किग्रॅ. असे एकूण १० किग्रॅ. मिश्रण केल्यास ही दोन्ही प्रमाणे साधतात. यात जीवनसत्त्वांचे तयार मिश्रण त्याच्या वेष्टनावरील प्रमाणानुसार मिसळावे. बदक कोरडे पीठ नीट गिळू शकत नसल्याने खाद्य पाण्यात कालवून द्यावे व उरलेले त्याच दिवशी काढून टाकावे.

ज्या घरी असे मिश्रण करणे शक्य नसते, तेथे शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय. अंड्यावरील मादीला कॅल्शियमाची ओढ असते व ती संध्याकाळच्या वेळी आपल्या गरजेपुरती भरड खाते. रोज अंडे देणाऱ्या मादीस दिवसाला १० ते १२ ग्रॅ. भरड पुरते. तुकडे २ ते ४ मिमी. आकाराचे असावेत. बारीक पूड आतड्यातून लवकर निघून जाते. जाड तुकडे पेषणीत राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. खाण्यातील तिसऱ्या, खुबे व कालवे यांची टरफले उकळून, वाळवून व कुटून ही भरड घरीच करता येते. अंड्यांची टरफले वापरावयाची झाल्यास ती उकळून वा भाजून बारीक कुटावीत. त्यामुळे रोगजंतू मरतात व पक्ष्यांना अंडी फोडून खाण्याची सवय लागत नाही.

चुनखडीच्या जागी इतर पांढऱ्या वा खड्यासारख्या वस्तू देण्याची चूक अनेकदा घडते. भिंतीला लावण्याचा वा पानात खाण्याचा चुना रासायनिक दृष्ट्या निराळा व दाहक असून त्याने तोंड व अन्ननलिका भाजतात. नदीतील काळी वाळू व खडी यंत्रावरील कच ही बेसाल्टाची असते. ती पेषणीत धान्य दळण्यास उपयोगी पडते, पण विरघळत नसल्याने तिच्यातून कवचास कॅल्शियम मिळत नाही. डोलोमाइटात मॅग्नेशियम अधिक असल्याने ते टाळावे. अळूच्या पानांतील ऑक्झॅलेटामुळे कॅल्शियम बांधले जाते. हिरवा चारा म्हणून शेवग्याचा पाला अधिक चांगला.

अंड्यावरील मादीस योग्य असलेले कॅल्शियमाचे प्रमाण पिलांना, तलंगांना व नरांना अपायकारक असते. दीर्घकाळ असे खाद्य मिळाल्यास त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते व सांध्यांत आणि अंतस्त्यांवर यूरिक अम्लाची लवणे साचतात. मिश्र कळपात भरड खाद्यात न मिसळता वेगळी ठेवण्याचे हेही एक कारण आहे. मादी अंड्यावर येण्यापूर्वी दोन आठवडे भरड सुरू करावी, म्हणजे मज्जास्थीचा साठा वेळेवर जमतो.

महत्त्व : सदोष कवचाचे नुकसान फुटलेल्या अंड्यापुरते नसते. पातळ कवचातून पाणी लवकर उडून जाते व उबवणीच्या २८ दिवसांत (मस्कोव्हीच्या बाबतीत सु. ३५ दिवसांत) गर्भ मरतो. गर्भाच्या हाडांना लागणारे बरेचसे कॅल्शियम कवचातूनच मिळत असल्याने जगलेले पिलूही दुर्बल निपजते. बदके ओल्या व घाणेरड्या जागी अंडी घालत असल्यामुळे तडकलेल्या कवचातून साल्मोनेला जंतू आत शिरण्याचा धोका अधिक असतो. असे अंडे खाऊ नये. निर्दोष अंडीही पांढरा व पिवळा बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवूनच, विशेषतः लहान मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांना, द्यावीत.